घर फुटण्याचा मोसम

शेवगा फुलला की दर सात दिवसांनी पेटी उघडायची,
उंबरकर सरांनी फळ्यावर लिहिलं होतं,
खाली दोन रेघा ओढून.
चौकटींच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगांसारखे
राणीचे कोष लोंबताना दिसले
तर समजायचं, आत कुजबुज सुरू झाली आहे.
कोष खुडा. पेटी विभागा.
आणि मुळात, जागा द्या.
जागा द्या म्हणे!
मी हात वर केला: सर, आम्ही बोरिवलीचे.
सगळा वर्ग हसला.

यंदा माझा एक आठवडा चुकला.
त्या गुरुवारी मी निबंधकांच्या कचेरीत
मशीनच्या काचेवर अंगठा टेकवत होते,
पुसून पुन्हा, पुसून पुन्हा,
फ्लॅट लेकीच्या नावे करायला.
ती, जावई, दोन पोरं, माझी शिलाई मशीन,
चारशे दहा चौरस फूट.

शनिवारी अकराच्या उन्हात वॉचमन खालून ओरडला,
"मावशी, तुमचं सैन्य उतरलंय!"
फुर्ताडोंच्या स्कूटरच्या आरशाला
दुधीएवढा घोस, जिवंत,
पायात पाय अडकवून लटकलेला.
पोटभर मध पिऊन निघालेल्या असतात,
आत्ता कुणाला डसत नाहीत, मी सांगत राहिले.
पहिल्या मजल्यावर कुणीतरी झुरळांचा फवारा शोधत होतं,
सेक्रेटरी अग्निशमन दलाचा नंबर.
दहा मिनिटं द्या, म्हटलं, भाताचा कुकर होतो तेवढी.
लागला पाऊण तास.

साखरपाण्याचा हलका शिडकावा,
वर पालथी धरलेली वेताची टोपली,
आतून जुन्या पोळ्याचं मेण चोळलेली.
माशी अंधार बघून वर चढते.
आपण फक्त हात खाली येऊ द्यायचे नाहीत.
फुर्ताडो जिन्यातून विचारत होते,
"नवी राणी पळाली का हो? तरणी?"
नाही हो. जुनी निघते.
भरलेला मध, अंडी, अळ्या, सगळं
अजून कोषातून बाहेरही न आलेल्या पोरीला ठेवून
म्हातारी निम्म्या बायका घेऊन निघते,
पुढचं घर ठरलेलं नसतानाच.
"जीझस," फुर्ताडो म्हणाले,
आणि मग, "आरशाला काही झालं नाही ना?"

टोपलीच्या काठावर सात-आठ जणी
शेपट्या उंच करून पंखांनी वारा घालू लागल्या.
म्हणजे ती आत पोचली.
बाकीच्या त्या वासावर चालत गेल्या,
एकीनेही घाई केली नाही.

रात्री दाराला जाळी ठोकली.
नवी पेटी मांडीवर, पिशवी पायाशी,
गोराईची शेवटची होडी.
पलीकडे फिलोमिना ग्राशियसची खोली,
मागे चिंच, भाडं पेन्शनीत बसेल असं.
लेक जेट्टीपर्यंत आली होती.
गच्चीवरच्या पेटीत एकच कोष ठेव, मी सांगितलं,
बाकीचे खुड, नाहीतर पुन्हा फुटेल.
"मला नाही जमणार खुडायला."
जमेल. हातमोजे कपाटात आहेत, वरच्या कप्प्यात.
इंजिनाच्या आवाजात पेटीचा आवाज ऐकू येईना,
मग तळव्याने ऐकला.

थवा जुनी जागा विसरतो, सर म्हणायचे,
तीन हातांवर ठेवला तरी मागे वळत नाही.
खरं आहे. सकाळी जाळी काढली,
त्या दोन गिरक्या घेऊन सरळ तिवरांकडे गेल्या,
इथल्याच असल्यासारख्या.

मी मात्र पहाटे अंधारात उठून
डावीकडच्या भिंतीवर
दिव्याचं बटण चाचपत होते.
इथे ते दाराबाहेर आहे.