परंपरा असल्यास तपशील

फॉर्मच्या तिसऱ्या पानावर एक रकाना:
घरात संगीताची परंपरा आहे काय? असल्यास तपशील.
मी लिहिलं, नाही.
शेजारी बाकावर अप्पा
आतल्या खोलीतून येणारा कुणाचा तरी ठेका
बोटांनी गुडघ्यावर उतरवून घेत होते,
आपण काय करतोय हे ठाऊक नसताना.

सकाळी रेणापूर नाक्यावर अंबाजोगाईची एसटी धरली.
नाक्याच्या फलकावर यंदाचे डॉक्टर,
पासपोर्ट साइज हसणारे, नावापुढे आकडे.
त्यातल्या दोघांचे डबे मी पोचवलेत दोन वर्षं;
एकाला वांगं चालायचं नाही, दुसऱ्याला मीठ कमी.
मलाही बारावीला बायोलॉजी होतं.
पेशीची आकृती यायची, सुंदर यायची,
पण केंद्रकाला नाव देता देता
कुठलासा निषाद रेंगाळायचा मनात, आणि मार्क जायचे.

मामा म्हणाले, नर्सिंग कर, गाणं काय पळून जातंय?
आई काही बोलली नाही.
चाळीस डबे भरून झाल्यावर
एक्केचाळिसावा माझ्या पिशवीत ठेवला.

आत मॅडमनी भूप गायला सांगितला.
तंबोरा मोबाइलमधला, काळी चार.
पहिला षड्ज कापला, गंधारावर येऊन सावरले.
मग म्हणाल्या, झपताल हातावर दाखव. दुप्पट कर.
केली.
चहाचा कप बाजूला सारून त्या पुढे वाकल्या: चौपट?
तीही केली.
"लय कुणाकडे शिकलीस?"
"ऐकून ऐकून," म्हटलं.
खोटं नव्हतं. खरं तरी किती होतं?
नवरंग ब्रास बँड, साइड ड्रम, चोवीस वर्षं.
लाल कोट, त्याच्या बाहीची जर मीच टाचलेली पुन्हा पुन्हा.
वरात अडली की एकाच चौकात तासभर तीच लय,
नवरदेव घोड्यावर पेंगला तरी न ढळलेली.
सगळं जिभेच्या टोकाशी आलं
आणि तिथेच बसलं.

मॅडम सरळ बोलल्या, ते बरं वाटलं:
"पदवीने गाणं येत नाही, रियाझाने येतं.
पदवीने दार येतं. दारामागचं सांगते.
बी.एड. केलंस तर शाळा, जागा निघाल्या तर.
नेट-सेट झालीस तरी तासिका तत्त्वावर,
मानधन दिवाळीनंतर; कुठल्या दिवाळीनंतर, ते विचारू नये.
नाहीतर क्लास काढ, साथ कर, स्वरलिपी पक्की कर,
रेकॉर्डिंगचं मशीन शिकून घे, लाजू नकोस.
आणि पहाटे साडेचारला उठावं लागेल."
"रोज उठते," म्हटलं मी. "चाळीस डब्यांची कणीक असते."

बाहेर क्लार्क म्हणाला, पालकाची सही.
जागा तिसऱ्याच पानावर, नेमकी त्या रकान्याखाली.
अप्पांनी चष्मा लावला.
चौथी पास माणूस, अक्षर न् अक्षर ओठांनी वाचतो.
मी स्टँडवरच्या सायकली मोजल्या. सात.

"हे काय लिवलीस?"
मग स्वतःच म्हणाले,
"बरुबर केलीस. आमचं ते वाजवणं असतंय, बाई.
संगीत निराळं."
आणि सही केली: लिंबाजी धोंडिबा कसबे.
पहिली वेलांटी वर गेली ती थेट माझ्या 'नाही'त घुसली.

खोडायला पेन माझ्याच हातात होतं.
क्लार्कने कागद ओढून घेतला.

परतीच्या गाडीत अभ्यासक्रमाची पुस्तिका उघडली.
दुसरं वर्ष, चौथं सत्र, घटक पाच:
लोकवाद्यांचा परिचय. हलगी, संबळ, दिमडी. गुण दहा.
दहा.
बोट ठेवून अप्पांना दाखवलं. पुन्हा ओठ हलले.
"हलगीवर प्रश्न येतेत व्हय?"
"येतील. पहिला मीच विचारते.
जाळावर किती वेळ धरायची?"

ते हसले. सरसावून बसले, पिशवी मांडीवर आडवी घेतली.
"कातडं कुठलं हाय त्यावर असतंय ते,
आन् हवा कसली हाय, आन् जाळ कशाचा..."
रेणापूर मागं पडलं.
नाक्यावर कंडक्टरने दोनदा हाक मारली तेव्हा
उत्तर अजून कातड्यावरच होतं.