गीझर बंद

मे महिन्यात आमच्याकडे सगळं उलटं.
गच्चीवरची टाकी दिवसभर तापते,
निळ्या ठिपक्याच्या नळाला हात लावाल तर पोळाल.
मग आई गीझर बंद करते,
त्यात रात्रभर पाणी निवतं
आणि सकाळी लाल ठिपक्याखाली
मी गारेगार अंघोळ करतो.
वादी कबीरमध्ये याचं कुणाला नवल नाही.
चिपळूणच्या मामीला अजून पटत नाही.

माझं नाव त्र्यंबक.
स्कूलबसच्या मागच्या सीटवर मी टिंबक-वन,
माझा धाकटा भाऊ टिंबक-टू.
वर्षभर मीही हसलो त्यांच्यासोबत.
मग एकदा
धाकटाही हसला.

खिडकीवर मारलेल्या गुद्द्याने काच फुटली नाही,
करंगळी मोडली.

बिन्सी मॅडम म्हणाल्या, दहा आकडे मोज.
मोजले. मराठीत, मग अरबीत,
वाहिद, इथ्नेन, तलाता,
रागही माझ्या शेजारी बसून मोजत राहिला,
दहाच्या पुढचेही त्याला पाठ होते.
हे सांगितलं तर मॅडम हसल्या.
मग विचारलं, कुठे येतो रे तो आधी?
कानात, मी म्हटलं. कान तापतात.
त्यांनी ते वहीत लिहून घेतलं,
एखाद्याचा पत्ता घ्यावा तसं.

बाबा म्हणाले, सोडून दे.
परका मुलूख, कुणाशी वाकडं नको.
बाबा सतरा वर्षं सोडून देतायत.
त्यांचा सुपरवायझर त्यांना 'पाटील' म्हणतो.
आम्ही पाटणकर.

त्या रात्री प्लास्टरमधली करंगळी ठणकत होती
आणि मी गीझरमधल्या पाण्याचा विचार करत होतो.
टाकीतलंच ते, तितकंच कढत.
फक्त उन्हातून आत आलेलं,
आणि आत त्याला कुणी घाई करत नाही.

रविवारी, सहा दहाची बस.
डेन्झिलने सुरुवात केली.
कान तापले. तापू दिले.
हमरिया राउंडअबाउट गेलं, पेट्रोल पंप गेला,
मग मी मागे वळलो.
"माझं नाव त्र्यंबक आहे. दुसरं मला आवडत नाही."
आवाज मधेच फाटला, हल्ली फाटतोच,
कुणीतरी फिदीफिदी हसलं.
डेन्झिल म्हणाला, "त्रि... यम... बक?"
"त्र्यं."
"अवघड आहे यार."
"आहे," मी म्हटलं. "जमेल."

मंगळवारी परत कुणीतरी टिंबक म्हणालं.
परत सांगितलं.
धाकट्याने खिडकीबाहेर बघत
हळूच स्वतःचं नाव उच्चारून पाहिलं,
माधव, यात खरं तर अवघड काहीच नाही.

रात्री बाबा आमटीभात कालवत होते.
मी विचारलं,
"बाबा, त्यांना पाटणकर म्हणता येत नाही,
की तुम्ही कधी सांगितलंच नाही?"
आईने माझ्याकडे पाहिलं.
बाबांचा घास हातातच राहिला.
काही बोलले नाहीत,
ताट ठेवून अंघोळीला गेले.

बराच वेळ
आतून लाल नळाचा आवाज येत होता.