उजेड पाठीमागे नको

त्याचं नाव खाय.
पहिल्या रात्री मेसमध्ये छातीवर हात ठेवून तो म्हणाला, ‘खाय,’
आणि आमच्या गुहागरच्या बाबल्यानं
आपल्या ताटातली अर्धी सुरमई त्याच्यापुढे सरकवली.
त्यानं ती खाल्ली.
गैरसमजातून झालेली मैत्री
बरी टिकते.

हिद्दच्या गोदीत तो पाइप जोडायचा.
मी जहाजांच्या पोटावर वाळू मारायचो, गंज उतरेपर्यंत.
दोन वर्षं कुणाला पत्ता नव्हता
की हा नाम दिन्हचा नट,
नऊ सिनेमे केलेला,
त्यांतल्या सातांत मेलेला.

एकदा नदीत. भर जानेवारीत, खऱ्या पाण्यात, चार वेळा,
कारण कॅमेऱ्यामागे कुणीतरी शिंकत होतं.
एकदा सावत्र भावानं घातलेल्या विषानं.
एकदा नुसताच, तापानं.
ते सगळ्यांत अवघड, म्हणायचा,
तापानं मरताना हातांचं काय करायचं
कुणी सांगत नाही.

व्हिडिओ कॅसेटींचे दिवस. आठवड्यात सिनेमा उरकायचा.
बाजारातल्या बायका त्याला फुकट पेरू द्यायच्या,
‘जिवंत आहेस ना रे,’ म्हणत दंडाला चिमटा काढायच्या.
मग परदेशी मालिका आल्या, तुळतुळीत चेहऱ्यांच्या.
स्टुडिओच्या जागी फरशांचं दुकान झालं,
त्याच दुकानात यानं फरशा उचलल्या.
मग एजंट, मग कर्ज, मग बहारीन.
एवढं सगळं तो एका सिगारेटीत सांगायचा.
नदीला मात्र दोन लागायच्या.

कॅम्पात वायफाय फक्त पाण्याच्या टाकीखाली यायचं.
शुक्रवारी सगळे तिथे, घरी तोंड दाखवायला.
मल्लेशचं बोट प्रेसमध्ये गेलं त्या आठवड्यात
खाय उठला, मोडक्या हिंदीत म्हणाला,
‘पट्टीवाला हात कपाच्या मागे. चहा पी.
चहा पिणाऱ्यावर कुणी संशय घेत नाही.’
मल्लेशची आई तिकडे पावसाचं बोलत राहिली.

तेव्हापासून तो आमचा दिग्दर्शक.
माझा पगार तीन महिने अडकला होता.
‘लगेच हसू नको. आधी कंटाळ.
सुखी माणूस कंटाळलेला असतो.
फोन खाली धर, गाल भरतात.
आणि उजेड पाठीमागे नको,
लपवतोयस असं वाटतं.’
मी जांभई दिली. मेसच्या जेवणाला नावं ठेवली.
शैला म्हणाली, ‘जाड झालायस.’
सहा किलो उतरलो होतो.

त्याचा स्वतःचा फोन सगळ्यांत शेवटी.
पोरगी, दिएप, बारा वर्षांची.
मामाकडच्या जुन्या व्हीसीआरवर
बापाची सातही मरणं बघून पाठ केलेली.
तिच्यापुढे याचं काही चालायचं नाही.
म्हणून तो कॅमेरा फिरवायचा:
ही टाकी, हे वाळत घातलेले डांगरी,
हे मुहर्रकला उतरणारं विमान, आणि हे आणखी एक.
दर आठवड्याला तिनं आखात पाहिलं,
बाप नाही.

त्या शुक्रवारी तो दिव्याकडे पाठ करून बसला.
तोंड काळंकुट्ट.
मी म्हटलं, ‘खाय, उजेड.’
तो म्हणाला, ‘राहू दे.’
फोनमधून पोरीचे दोन शब्द आले, बारीक, कडक.
आम्हाला भाषा येत नव्हती.
त्यानं फोन टाकीच्या नळाला टेकवून उभा केला,
दिव्याकडे तोंड फिरवलं,
आणि दोन्ही हात पुढे धरले,
आधी पालथे, मग उताणे,
जेवायला बसण्याआधी आईला दाखवतात तसे.