आर-साठ, आर-शून्यसहा

महाप्याला, तिसऱ्या मजल्यावर, आम्ही
शरीराच्या तक्रारींना नियम लावतो.
एक लक्षण, एक वाक्य, एक अर्थ.
भंडाऱ्यात वाचा नाहीतर भांडुपात,
वाचणाऱ्याला तेच दिसलं पाहिजे.

सोमवारी मी कळ, चमक, ठणका, सल, शिणक
एकाच रकान्यात ओतले: वेदना.
पुढे शून्य ते दहा आकडे.
ठणका रात्री वाढतो,
चमक येते तशी सांगून येत नाही,
उसण तर वेगळीच, ती बादली उचलताना भरते,
हे कुठे लिहू, विचारलं.
डॉक्टर आर्सेकर म्हणाले, शेरा. तो रकाना ऐच्छिक आहे.

पेशीमरण मात्र मला जमलं:
"नियोजित, दाहाविना; उरलेले अंश
शेजारच्या पेशी गिळून टाकतात."
वाचून मीच जरा थांबले.
आमच्या घणसोलीच्या इमारतीत
इतक्या नीटपणे अजून कोणी गेलेलं नाही.

मग सूज.
"ऊतींत द्रव साचल्याने आलेला फुगवटा.
बोटाने दाबल्यास खळगा राहतो.
खळगा भरण्यास लागणारे सेकंद मोजावेत."
ही लोकांना कळते का, ते तपासायला
कंपनीने मला दिवाळ्याला पाठवलं,
छापील कागद, पेन, आणि सोबत लतिका भगत,
आशाताई, जिला सगळ्या गावाचे रक्तदाब पाठ.

चांगुणाबाय कोळीण ओट्यावर बोंबील निवडत होती.
मी व्याख्या वाचली. तिने ऐकली,
जशी परक्या गावची लग्नपत्रिका ऐकतात.
मग स्वतःच लुगडं वर घेऊन
नडगीवर अंगठा रोवला, उचलला.
"गाळान पाय रोवला कनी, आसाच खड्डा रेते.
मंग पानी येते. हलूहलू.
भरतीला लवकर, व्हटीला उशीर."
मी सेकंद मोजायचे विसरले.

परत येऊन तेच वाक्य घातलं मसुद्यात.
आर्सेकरांनी तांबडी रेघ मारली: उपमा नको.
खाली बारीक अक्षरात: पण छान आहे.

तिची नोंद भरताना माझ्याकडून अंक उलटले.
सूज म्हणजे आर-साठ.
मी टाकलं आर-शून्यसहा, म्हणजे श्वास.
तपासणीच्या टेबलावरून नोंद परत आली,
चूक, एक गुण वजा.
मी सहा आणि शून्य आपापल्या जागी बसवले,
चहा प्याले.

पितृपक्षात लतिकाचा फोन.
म्हातारी आडवी होत नाही म्हणे आता,
रात्रभर बसून असते भिंतीला टेकून,
बेलापूरला न्यायला तयार नाही, कोळंबीचा हंगाम आहे.
फॉर्म उघडला.
"उताणे झोपल्यावर धाप लागणे.
किती उशा लागतात, ती संख्या नोंदवावी."
"उशा किती गं?"
"उशा कुठल्या? जाळं गुंडाळून ठेवलंय पाठीशी."

आकडा मागत होता फॉर्म.
रिकामं सोडलं तर पुढचं पान उघडत नाही.
मी एक लिहिलं. खोडलं.
जाळ्याच्या किती उशा होतात
याचं प्रमाणीकरण अजून कोणी केलेलं नाही.
शेवटी दोन.

संकेतांक: आर-शून्यसहा.
या वेळी तपासणीतून लगेच पुढे गेला,
हिरवी खूण, गुण पूर्ण.
त्या खुणेकडे मी किती वेळ बघत राहिले
ते मोजलं नाही.
लतिकाला म्हटलं, आज, आत्ता, रिक्षा बोलाव,
हंगाम मी बघते. मी काय हंगाम बघणार होते,
मला बोंबील नि मांदेलीतला फरक विचारून कळतो.

मग तो ऐच्छिक रकाना.
पहिल्यांदाच भरला. जागा मोजकीच होती त्यात,
मावलं तेवढं राहिलं:

गाळान पाय रोवला कनी, आसाच ख