साडेतीन फूट

रूडी कोर्तेसोयाने पिकअप थेट दारात लावली
आणि केळ्यांची चार खोकी उतरवली.
"आजोबांच्या वहिनीचं आहे सगळं. गोठ्याच्या माळ्यावर होतं.
उंदरांनी थोडं आधीच वाचलंय."
मी दानपत्रावर सही घेतली.
बाहेर सरोवरावरचं बर्फ बंदुकीसारखं तडकत होतं,
इथं मार्चमध्ये तडकतं तसं.

आमच्या ग्रंथालयात माणसं फुटांत मोजतात.
उंचीचे नव्हेत, फळीवर अडवलेल्या जागेचे.
तांब्याच्या खाणीचा मॅनेजर अठ्ठेचाळीस फूट.
डॉक्टर अकरा.
पाद्री नऊ, त्यातले सहा प्रवचनांचे.
हिल्या कोर्तेसोया साडेतीन,
आणि हे पुष्कळच झालं.
बहुतेकजणी दुसऱ्या कुणाच्या तरी फायलीत
'व सौ.' एवढ्याच सापडतात.

आधी गंज काढायचा.
टाचण्या, क्लिपा, बटणाच्या डबीतली एक सुई.
टाचणीची तपकिरी सावली कागदावर उरते,
ती उरू द्यायची.
केस निघाले तर वेगळ्या पाकिटात,
वर लिहायचं कुणाचे.
माहीत नसेल तर तेही लिहायचं.

दर गुरुवारी लेम्पी ओयानिएमी येतात,
वय अठ्ठ्याऐंशी, पगार शून्य, कॉफी काळी.
मला फिनिश येत नाही.
आमच्या घरातली ती भाषा आजोबांबरोबर खाणीत उतरली
आणि वर आली ती शिव्यांपुरती.
लेम्पीबाई भिंग धरून वाचतात, मी टाइप करते.

एकतीस वर्षांची रोजनिशी, आणि सगळी हवा.
'वारा वायव्येचा.'
'पहाटे उणे बावीस.'
'धुकं. गाय व्याली.'
आम्ही कंटाळलो, कबूल करते.
एकदा मी म्हणालेसुद्धा,
ही बाई हवामानखात्यात हवी होती.

मग एकोणीसशे सव्वीसचा फेब्रुवारी आला.
ती तारीख गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते:
चार नंबरच्या शाफ्टमध्ये पाणी शिरलं, सात जण गेले.
सातांत पाचवं नाव आर्वो कोर्तेसोया, वय एकोणीस.
माझी बोटं थांबली.
लेम्पीबाईंनी भिंग पुसलं.

'दहा. बर्फ. वारा नाही.'
'अकरा. बर्फ. वारा नाही.'
'बारा. थोडं ऊन.'

बस्स.
मला रागच आला तिचा.
त्या दिवशी मी लवकर कुलूप लावलं.

एप्रिलमध्ये, तिसऱ्या खोक्यात,
सहकारी दुकानाची बिलं निघाली, तारेत ओवलेली.
एरवी महिन्याला कॉफी एक पौंड.
अकरा फेब्रुवारीला कॉफी सहा पौंड,
साखर दहा, मैदा पंचवीस,
वेलदोडा दोन औंस,
काळी रिबीन चार वार.
आणि त्याखाली पेन्सिलीने, रोजनिशीतल्याच अक्षरात:
'रिबीन एक वार परत केली.'

लेम्पीबाई वेलदोड्यावर बोट ठेवून बसून राहिल्या.
"एवढ्यात साठ माणसांचा गोड पाव होतो," शेवटी म्हणाल्या.
"रात्रभर मळत असणार.
हात पिठात असले ना,
की कुणी येऊन ते हातात घेत नाही."

आमच्या धंद्याचा नियम असा, की
वर्णन करायचं, अर्थ लावायचा नाही.
तेव्हा सूचीत मी लिहिलं:
'खोकं तीन, फोल्डर अकरा. घरखर्चाची बिलं.
मध्यभागी तारेचं भोक. स्थिती बरी.'
आणि एक ओळ जादा:
'पाहा, रोजनिशी, फेब्रुवारी १९२६.'
ती नियमात बसते. मी दोनदा तपासलं.

काल रूडीचा फोन आला.
माळ्यावर अजून एक खोकं आहे,
बियाण्यांची रिकामी पाकिटं नुसती,
शेकोटीत घालू का?
नको म्हटलं, घेऊन ये.
फळीवर मी अर्धा फूट
आधीच मोकळा ठेवला होता.