खांबाची सावली

एर्मोसियो शहरात, जुलैमध्ये,
सतरा नंबरच्या थांब्यावर
दुपारी सव्वादोनला सात माणसं
एकामागे एक उभी असतात
दिव्याच्या खांबाच्या सावलीत.

सावली वीतभर रुंद, चार पावलं लांब.
दुरून वाटतं, काय ही शिस्त!
जवळ गेलं की कळतं,
प्रत्येकानं फक्त डोकं वाचवलंय,
खांदे उन्हाला देऊन टाकलेत.

पालिकेनं मला मोजायला पाठवलं.
वही, थर्मामीटर, कडक काठाची टोपी.
डांबर : एकसष्ट अंश.
बाकडं : बासष्ट.
बाकड्यावर कुणी टेकत नाही, कबुतरंही नाहीत.
त्याचं चित्र मीच काढलं होतं तीन वर्षांपूर्वी,
अंगावर स्वेटर घालून,
कारण कचेरीतला एसी कुणालाच कमी करता येत नसे.

चिंचेचं सरबत विकणाऱ्या एदुविहेसबाई म्हणाल्या,
छप्पर छान केलंत हो तुम्ही.
साडेबाराला अगदी बरोबर सावली पडते खाली.
साडेबाराला बस नसते.

आत्ता ती सावली मागच्या भिंतीवर चढून बसली होती
मांजरासारखी.
बाईंनी एप्रनच्या खिशातून खडू काढला
नि फरशीवर रेघा ओढत गेल्या :
सहाला इथं वायरिंगच्या कारखान्यातल्या पोरी,
त्यांना सावली नको, दिवा हवा, तो बंद आहे.
दहाला डायलिसिसवाले, त्यांना उभं राहवत नाही.
चारला इथं, बेकरीच्या पायरीवर, शाळेतली पोरं,
बेकरीवाला ओरडतो, पण पाणी देतो.
मी वाकून पाहत राहिले.
माझ्या सहा वर्षांच्या शिक्षणात
चार वाजले नव्हते कधी.

मग क्रिसोफोरो आला,
हातात वेल्डिंगचा मुखवटा, पायात जडशीळ बूट.
सात जणांची सावली, हा आठवा.
उभा राहिला बाहेर, ज्वालेसमोर
रोज उभा राहतो तसाच, तक्रार नाही.
कुणी काही बोललं नाही.
फक्त खांबाला टेकलेली मुलगी बाजूला झाली,
उन्हात गेली,
बाकीचे एकेक पाऊल पुढं सरकले,
शेपटाला एका माणसाची जागा झाली.
मिनिटभरानं दुसरी बाहेर.
मुलगी शेपटाला.
मग तिसरा.
सावली तेवढीच राहिली,
माणसं तिच्यातून वाहत राहिली.

माझ्या तक्त्यात याला रकाना नव्हता.
तापमान होतं, आर्द्रता होती,
वापरकर्त्यांची संख्या होती.
मी समासात लिहिलं : पाळी लावतात.
साहेबांनी विचारलं, हे काय?
मी म्हटलं, पायाभूत सुविधा.
ते हसले. मला हसू आलं नाही.

भांडून भांडून एवढंच झालं :
छप्पर सहा पावलं पुढं सरकणार, पुढच्या वर्षी.
दिव्याला बल्ब आला.
बेकरीसमोरची फरशी उखडून
एक मेस्कितेचं रोप लावलं, माझ्या गुडघ्याएवढं.
डोक्यावर सावली धरायला त्याला नऊ वर्षं लागतील,
आणि उन्हाळा काही नऊ वर्षं थांबणाऱ्यातला नाही.
एदुविहेसबाई बादलीतलं उरलेलं बर्फाचं पाणी
त्याच्या आळ्यात ओततात.
आंबटगोड झाड येईल म्हणतात.

परवा मी गाडी नेली नाही.
सव्वादोनला थांब्यावर पोचले,
मोजले, सात.
वही काढायला पिशवीत हात घातला
तोवर रांग सरकली होती,
आणि कुणीतरी, मागं वळून न पाहताच,
माझ्या डोक्यापुरती जागा सोडली होती.

कचेरीच्या भिंतीवर आता शहराचा नवा नकाशा आहे,
हिरव्या पट्ट्या, निळ्या पट्ट्या, बाणच बाण.
त्याच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीनं
एकच शब्द लिहून ठेवलाय,
साहेबांना वाटतं, तो आकडा आहे :
आठवा.