उसिरु बिडि

निपाणीत, अक्कोळ रस्त्याच्या जुन्या तंबाखू वखारीत
आता पहाटे साडेपाचला योगा भरतो.
भिंतीतनं वास काय गेला नाही अजून.
पहिला लांब श्वास घेतला की
अक्काताईला शिंक येते,
एक नाही, सात.
त्यातच तिचा अर्धा प्राणायाम होतो.

आम्ही अकरा जणी.
धाकटी बावन्नची.
थोरली मालव्वा, तिचं वय
आधार कार्डावर एक, तोंडानं एक,
आणि गुडघ्यांना विचारलं तर तिसरंच.

चिकोडीची दाक्षायणी मॅडम शिकवायला येते.
बत्तीस वर्षांची पोर, पाठ उसासारखी सरळ.
तिचं मराठी अडखळतं,
आमचं कन्नड बाजारापुरतं:
कांदे, बस, दवाखाना.
मोजते ती तिच्यातच. ओंदु, एरडु, मूरु…
हजारानं बिड्या मोजलेल्या बायका आम्ही,
पाचापर्यंत काय, म्हटलं, चुटकीसरशी.
तिथंच फसलो.
एका पायावर उभं राहिलं की
नाल्कु आणि ऐदुच्या मधे
आख्खा हप्त्याचा बाजार उरकून येईल
एवढी जागा असते.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, मांडी घाला.
घातली.
तिनं वाकून बघितलं, परत बघितलं.
"एवढी चांगली मांडी? कुठं शिकला तुम्ही?"
मालव्वा म्हणाली,
"सूप ठेवून. चाळीस वर्षं."

बसणं आम्हाला येतच होतं.
उभं राहणं राहिलं होतं.

हात वर करा म्हटल्यावर माझे हात
खांद्यापर्यंत येऊन थांबले,
पाव्हणं दारात थांबतात तसे,
आत या म्हणेपर्यंत.
मान सुपात बघून बघून
सुपासारखीच वाकलेली.
ती जराशी मागं गेली, कडकडली,
आणि मला दिसलं:
वखारीला वर कौलं आहेत,
कौलात एक काच आहे,
काचेतनं उजेड पडतो.
ह्याच वखारीत अठरा वर्षं होतो मी.

मग ती म्हणाली,
"उसिरु तगोळ्ळि… उसिरु बिडि."
बिडि म्हटल्याबरोबर बोटं सावध झाली.
अंगठा तर्जनीकडं सरकला.
पान नाही, जर्दा नाही, दोरा नाही,
तरी वळायला लागला.
मी म्हटलो, "मॅडम, सकाळी सकाळी
तिचं नाव नको. आत्ता कुठं सुटलीय."
ती हसत खालीच बसली.
"अहो मावशी, बिडि म्हणजे सोडा.
श्वास सोडा."

घरी येऊन भाकरी थापताना तेच डोक्यात.
बिडि म्हणजे सोडा.
पाट्यांना काळं फासून झालं ह्या गावात,
पुसून झालं, परत फासून झालं,
मोर्चे गेले आमच्या दारावरनं दोन्हीकडचे,
दोन्हीकडच्यांना पाणी दिलं मी,
पण एवढंसं कुणी सांगितलं नाही.
चेकर शंभरातल्या वीस छाट म्हणून फेकायचा,
तेव्हा सांगितलं असतं तर
निदान हसलो तरी असतो.

आता आठ महिने झाले.
हात कानाला लागतात.
फळीवरचा पिठाचा डबा
नातवाला हाक न मारता काढतो.
नातू म्हणतो, आज्जी उंच झाली.
उंच कसली, घडी मोडलीय थोडी.
एक घडी राहिलीय कमरेत,
ती असू दे, मॅडम म्हणते, घाई नको.

शेवटी शवासन.
ते सगळ्यात अवघड.
दिवसाउजेडी मोकळं पडून राहायचं,
आणि कुणी ओरडायचं नाही.
अक्काताई घोरते.
माझी बोटं वळत असतात पोटावर, आपोआप.

परवा मॅडम अनवाणी जवळ आली.
डोळे मिटूनच मी विचारलो,
"किती झाल्या?"
थोडा वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "मोजल्या नाहीत मी."

काचेचा उजेड तोवर
माझ्या पायापर्यंत आला होता.